जुळतं कातडं पाहिजे

शेठलोकांना जुन्या मोटारींचं वेड आहे. असू दे. बापाच्या काळातली विलायती गाडी बाहेर काढायची, इंजिन गुरगुरतं करायचं, पत्रा चमकवायचा आणि हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत मिरवायची. पण सीट फाटलेली असते. पुढच्या सीटला नवं कातडं लावायचं तर ते मागच्या जुन्या सीटशी जुळलं पाहिजे. रंग तोच, दाणा तोच, जाडी तीच. ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टवाल्याकडं ते मिळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातही नाही. रोल्स रॉइस, जॅग्वारला कातडं पुरवणारी लंडनची जुनी कॉनोली कंपनी तर २००२ सालीच बंद पडली. मग शेठचा माणूस नाकाला रुमाल लावून धारावीत येतो.

आता धारावीतला कारागीर काय करतो ते बघा. वरचा रंग तो बघतच नाही, कारण तो उन्हानं विटलेला. तो सीट उलटी करतो, शिवणीच्या आतली दुमड उसवतो. तिथं ऊन पोचलेलं नसतं, तिथं खरा रंग सापडतो. मग बोटानं दाणा चाचपतो. गाईचा दाणा बारीक, म्हशीचा मोठा. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईसोबत बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी, म्हणून इथलं कातडं म्हशीचं नाहीतर परमुलखातलं. पाठीचं कातडं बसायच्या जागी लावायचं, पोटाचं ताणतं म्हणून तिथं नाही लावायचं. सगळी कातडी एकाच लॉटची घ्यायची, नाहीतर दोन सीट दोन रंगांच्या. हे कुठल्या कॉलेजात शिकवलं त्याला? पिढ्यान्‌पिढ्या चुना, हिरडा, बाभळीच्या सालीत हात कुजवून आलेली अक्कल आहे ही.

आणि ह्या अकलेचा भाव काय? कातडं चौरस फुटावर मोजतात. डोळ्याला फूटपट्टी लागत नाही म्हणून डोळा फुकट!

हा हिशेब जुना आहे. लालबाग-परळच्या गिरण्या आठवा. मागात धोट्याला तडाखा देणारा पिकर म्हशीच्या कातड्याचा. चाकं फिरवणारे पट्टे कातड्याचे. म्हंजे जनावराचं कातडं विणखात्यात चालत होतं. अस्पृश्य माणूस मात्र चालत नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि त्याच्या थुंकीनं सवर्ण विणकर बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ह्याच दाराला धडक दिली. गिरण्या गेल्या, टॉवर आले. टॉवरच्या तळघरात झाकून ठेवलेल्या मोटारीत पुन्हा तेच कातडं.

आणि २०१६ चा जुलै? गुजरातमध्ये ऊनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून बांधलं, झोडपलं. बांधलं कशाला? मोटारीला! सीटवर कातडं असलं की ती शान, आणि ते सोलणारा हात दिसला की पाप. ह्यांचा धर्म मोटारीच्या आत एक आणि बाहेर एक.

आपल्यातले काही म्हणतील, कातड्याचं नावच कशाला काढतोस? सोडला ना तो धंदा! बरोबर आहे. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलेलं विसरू नका. मेलेली गुरं ओढायचं सोडल्यानं महारांचं किती नुकसान होतं, ह्याचा हिशेब एकानं छापला होता. बाबासाहेबांनी उलट विचारलं, एवढा फायदा आहे तर तुम्हीच का ओढत नाही? जन्मानं लादलेलं काम लाथाडायचंच. पोरगं डॉक्टर होवो, नाहीतर गोदीत माझ्यासारखं हमाल होवो, त्याची मर्जी.

पण धारावीत आजही चर्मकार आहे, ढोर आहे, तमिळ मुसलमान आहे, उत्तरेकडून आलेलं कोवळं पोर आहे. सोल्यूशनच्या वासात ते रोज बसतं. त्याला 'धंदा सोड' एवढंच सांगून आपण मोकळे झालो, तर त्याचं ज्ञान शेठ फुकटात खाणार. धंदा सोडायचा हक्क पाहिजे आणि करायचा तर किंमत ठरवायचा हक्कही पाहिजे. दोन्ही एकाच मुठीत.

इंदिरा गोदीतून नव्या गाड्या जहाजात चढतात. कागदावर कंपनीचं नाव असतं, मॉडेल असतं, नंबर असतो. सीट कुणी शिवली त्याला रकाना नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या फॅशनवाल्यांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली. तिथंही आधी कोल्हापूरचं नाव नव्हतं, बोंब उठली तेव्हा कबूल केलं. तेव्हा बोंब मारल्याशिवाय रकाना मिळत नाही हे लक्षात ठेवा.

म्हणून धारावीतल्या पोरांनो, रंग जुळवायची मजुरी वेगळी लावा. कातड्याचे पैसे वेगळे, शिलाईचे वेगळे, डोळ्याचे वेगळे. रॅलीत गाडीपुढं पाटी लागते ना, मालक अमुक, साल अमुक? तिच्यावर सीट करणाऱ्याचं नाव मागा. शेठ नाही म्हणाला तर फाटक्या सीटवर बसवा त्याला. स्प्रिंगा टोचू देत.

त्याला सीटशी जुळतं कातडं पाहिजे, आम्हाला कामाशी जुळतं दाम पाहिजे. आधी आमचं जुळवा.

जय भीम!