मावळतीचा फोटो आपल्या गच्चीवरून

वस्तीतल्या मुलींना मोबाईलवर मावळत्या सूर्याचे फोटो काढायला शिकवावे, असे आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत सुचवले. लगेच प्रश्न आला, "फोटोनं पोट भरतं का, सिस्टर?" नाही भरत. तरीही हा विषय आरोग्याच्या पानावरचाच आहे, असे आमचे ठाम मत आहे.

संध्याकाळी सहा ते सात हा वेळ आपल्या घरात कुणाचा असतो? पाण्याचा, भाजीचा, गॅसचा. बाईला दहा मिनिटे उघड्यावर स्वस्थ उभे राहायला मिळत नाही, आणि पोरे दहा बाय दहाच्या खोलीत मोबाईलला डोळे लावून बसतात. दिवसाच्या उजेडात बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबर लागण्याचा धोका कमी असतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून फोटोच्या निमित्ताने तासभर आधीच गच्चीवर पाठवा. आधी खेळू द्या, मग फोटो. आणि आईनेही वर जावे. भात पाच मिनिटे उशिरा झाला तर काही बिघडत नाही.

मात्र डोळ्यांची काळजी आधी. सूर्य तळपत असताना त्याच्याकडे टक लावून बघू नका. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली तरी दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा डाग दिसू लागतो. काळा चष्मा किंवा जुनी एक्स-रे फिल्म हे संरक्षण नव्हे. ग्रहणाच्या वेळी लोक एक्स-रे फिल्म मागायला यायचे, तेव्हापासून आम्ही हेच सांगत आलो आहोत. सूर्य खाली येऊन तांबडा झाला की फोन धरा आणि नजर स्क्रीनवर ठेवा. दुर्बिणीतून किंवा मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून सूर्य कधीच बघायचा नाही.

आता फोटो. आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. आपल्या फोनवर पिठाचा नाहीतर तेलाचा हात असतोच. फ्लॅश बंद. झूम करू नका, फोटो फुटतो. स्क्रीनवर सूर्याशेजारच्या उजळ आभाळाला बोट लावा. बहुतेक फोनमध्ये तिथे एक छोटी खूण येते. ती खाली ओढली की उजेड कमी होतो आणि पांढरे पडलेले आभाळ पुन्हा केशरी दिसते. नुसता सूर्य टिपू नका. पुढे पाण्याची टाकी, वायरींचे जाळे, पतंग उडवणारा पोरगा असू द्या; ते काळे होऊन उठून दिसतात. सूर्य बुडाला म्हणून लगेच खाली उतरू नका. खरे रंग पुष्कळदा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत येतात. स्क्रीन बघत मागे सरकू नका, आपल्या गच्च्यांना कठडे नसतात.

पावसाने हवा धुतल्यावर रंग स्वच्छ येतात. हिवाळ्यात मात्र कधी सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच राखाडी धुरात विरून जातो. त्या दिवशी फोटो राहू द्या, आणि दम्याच्या मुलाला घरातच ठेवा.

आणखी एक. आपल्या वस्तीचे फोटो आजवर बाहेरच्यांनीच जास्त काढले: नाला, कचरा, उघडी पोरे. त्याच वस्तीच्या पत्र्यांवर रोज संध्याकाळी केशरी उजेड पडतो, तो त्यांच्या फोटोत क्वचितच दिसतो. तो आपल्या मुलींनी टिपावा, असे आम्हाला वाटते.

6 डिसेंबरला दादरला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, त्या दिवसांत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि चैत्यभूमीच्या किनाऱ्यावरून तो वरळीच्या इमारतींकडे कललेला दिसतो. मे महिन्यात आलात, तर तोच सागरी सेतूच्या बाजूला सरकलेला असतो. गर्दीत फोन सांभाळा, आणि भरती असेल तर पाण्यापासून लांब उभे राहा.