मांजर कोणाचं, ते नंतर. आधी वेग सांगा

कोल्हारच्या एखाद्या गल्लीत मांजर गाडीखाली आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणाचं होतं?" मालक सापडला की बोलणीही त्यालाच खावी लागतात. सांभाळता येत नाही तर पाळता कशाला, सोडता कशाला, दार लावायला काय झालं होतं? तोवर गाडीवाला निघून गेलेला असतो, आणि त्याची गाडी किती जोरात होती हे कोणी विचारलेलंही नसतं. माझं म्हणणं असं की तोच प्रश्न पहिला हवा. ज्या वेगात मांजर वाचवता येत नाही, त्या वेगात अंगणातून धावत आलेलं तीन वर्षांचं पोरही वाचवता येत नाही. गल्लीत मेलेलं मांजर त्या वेगाचा पुरावा असतो, आणि आपण तो झाडूने कडेला सारून मोकळे होतो.

कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर ही एकमेकांना चिकटलेली गावं. शेजारून प्रवरा वाहते, अंगावरून नगर-मनमाड महामार्ग जातो. शिर्डीचं दर्शन उरकून शनिशिंगणापूर गाठायची घाई असलेल्या गाड्या इथूनच जातात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर त्यांच्यात मिसळतात. महामार्ग तुंबला की गाड्या वाट काढायला गावात शिरतात, आणि शिरताना महामार्गावरचा वेग मागे ठेवून येत नाहीत. ज्या रस्त्यावर बायका धान्य निवडत बसतात, म्हातारी माणसं खाट टाकून उन्हाला बसतात, शेळी बांधलेली असते, त्याच रस्त्यावरून तो वेग जातो. याबद्दल बोलायला लागलं की चार आक्षेप हमखास येतात. ते चारही मी ऐकले आहेत आणि त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला आक्षेप : "इथं माणसं मरतायत आणि तुम्हाला मांजराचं पडलंय." २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यांतले दहापैकी सात मृत्यू भरधाव वेगाच्या खात्यावर आहेत, हेही त्याच अहवालात आहे. मी मांजराचा जीव आणि माणसाचा जीव एका तागडीत घालत नाही. पण दोघांना मारणारी गोष्ट एकच असेल, तर एकाबद्दल बोललं की दुसऱ्याचा अपमान होतो, हे कुठलं तर्कशास्त्र? गल्लीतला वेग उतरला तर आधी माणूसच वाचणार आहे. मांजराचा विषय काढल्याने माणसाचा विषय मागे पडत नाही, उलट तो माणसावर पाळी येण्याआधी निघतो. पोर दगावल्यावर रास्ता रोको करून काय मिळवायचं?

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. "मांजराला वाचवायला ब्रेक मारला आणि मोटारसायकल घसरून माणूस मेला तर?" हा प्रश्न खरा आहे, आणि याचं अर्धं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेलं आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर एका तरुणाच्या मोटारसायकलसमोर कुत्रा आला. कुत्रा मेला, गाडी घसरून तरुणालाही लागलं, आणि गुन्हा दाखल झाला तो त्या तरुणावरच. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. कुत्र्या-मांजरांना त्यांचे मालक पोटच्या पोरासारखं मानतात हे खरं, पण ती माणसं नव्हेत. आणि बेदरकार वाहन चालवण्याची जी कलमं लावली होती ती माणसाच्या जीविताशी संबंधित आहेत, असा त्या निकालाचा आशय. शिवाय २० हजार रुपये खर्च द्यायला लावला, तोही चुकीचा गुन्हा नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याच्या आदेशासह.

प्राण्यांवर माया करणारे बरेच जण या निकालावर नाराज झाले. मला तो योग्य वाटतो. अचानक जनावर आडवं आलं, मनात वाईट हेतू नव्हता, स्वतःही पडला, अशा पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून एकाही कुत्र्याचा जीव वाचत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथे हेतू किंवा परिणामाची जाणीव सिद्ध करावी लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी किंवा कुत्रा गाडीखाली आला तर चालकाने थांबलंच पाहिजे; त्या यादीत मांजर नाही. थोडक्यात, मांजर मेल्यावर कायदा फारसा हाती लागत नाही. म्हणून माझी मागणी मेल्यानंतरच्या शिक्षेची नाहीच. ती आधीच्या वेगाची आहे.

आणि आक्षेपाचं उरलेलं अर्धं उत्तर त्या वेगातच आहे. हिशोब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. समोर काही आलं हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १४ मीटर संपले. कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी तितकेच लागतात. ताशी ३० ने जाणारी गाडी प्रतिक्रिया आणि ब्रेक धरून सगळी मिळून १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. पन्नासवाल्याने जिथे ब्रेकवर पाय ठेवला, तिथे तीसवाला थांबलेला असतो. ताशी २० असेल तर आठ मीटर पुरतात. आपल्या गल्लीत माती, वाळू, सांडलेलं पाणी असतं, तिथे हे अंतर वाढतं, कमी होत नाही. "ब्रेक मारला तर मी पडेन" असं ज्याला वाटतं, त्याने त्याच क्षणी कबूल केलेलं असतं की तो त्या रस्त्याला न झेपणाऱ्या वेगात होता. वीसच्या वेगात मांजरासाठी थांबताना कोणी पडत नाही. कट मारावा लागत नाही, मागचाही येऊन आदळत नाही.

आणि गाडी थांबवता येते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मांजर आडवं गेलं म्हणून गाडी उभी करून, दुसरा कोणी पुढे जाईपर्यंत वाट पाहणारे लोक मी आजही पाहतो. अपशकुनाच्या भीतीने जो पाय ब्रेकवर जातो, तो जिवाच्या काळजीने जाऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप : "मांजर घरात ठेवा, प्रश्न मिटला." यातली जेवढी गोष्ट खरी आहे तेवढी मी मांजर पाळणाऱ्यांना ठणकावून सांगेन. बोक्याची आणि भाटीची नसबंदी करून घ्या. फिरस्ती आणि मारामाऱ्या दोन्ही कमी होतात. दिवेलागणीच्या आधी खायला घाला, म्हणजे त्या वेळेला ते घराकडे येतं, आणि मग दार लावून घ्या. मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जास्त हिंडतं. अंधुक उजेडाला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांवर हेडलाइट पडला की ते दिपून जागच्या जागी थिजतं, नाहीतर मागे फिरायच्या ऐवजी पुढेच झेप घेतं. हे माहीत असूनही जो रात्री दार उघडं टाकतो, त्याच्याकडे दोष जातोच.

पण कोल्हारमध्ये पहाट आणि संध्याकाळ या आणखी एका गोष्टीच्या वेळा आहेत : दूध घालायच्या. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून संकलन केंद्र बंद व्हायच्या आत पोचायची धांदल असते. मांजरंही दुधाच्या वासाने त्याच वाटेवर घुटमळतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंची करडी भाटी उभ्या ट्रॉलीखालून निघाली आणि वळणावरून आलेल्या अशाच एका मोटारसायकलखाली गेली. चालवणारा पोरगा पंधरा-सोळाचा असेल. सीटवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला धड टेकत नव्हते. गाडी कलंडली, एका कॅनचं झाकण उडालं, दूध चिखलात पसरलं. चार माणसं धावली, पोराला उठवलं, गुडघा पाहिला, दूध किती गेलं ते विचारलं. हे सगळं बरोबरच केलं. काकू गोणपाट घेऊन आल्या, भाटीला त्यात उचललं आणि "पिल्लं अजून आंधळी आहेत हो," एवढंच म्हणाल्या. ती ट्रॉली जिथे उभी होती, त्याच ठिकाणाहून सकाळी अंगणवाडीची पोरं बाहेर येतात. त्यांची उंची ट्रॉलीच्या चाकाएवढी. ट्रॉलीआडून मांजर जितकं अचानक दिसतं, तितकंच अचानक ते पोर दिसतं. पोरं घरात ठेवा, प्रश्न मिटला, असं आपण म्हणणार आहोत का?

शिवाय आपल्याकडची मांजरं ही फ्लॅटमधली मांजरं नव्हेत. भुसाराचं दुकान, गव्हाची कणगी, गोठ्यातलं पशुखाद्य, या सगळ्यांची राखण तीच करतात. उंदराच्या मागे दहा घरं फिरतं म्हणून तर ते मांजर दहा घरांच्या उपयोगाचं. त्याला साखळीला बांधून चालत नाही. मालकाने आपलं कर्तव्य करावं, शंभर टक्के करावं. पण ते केल्यावरही गल्लीत शेळी राहते, कोंबडी राहते, काठी टेकत देवळाकडे निघालेले आजोबा राहतात. प्रत्येकाला आत कोंडून रस्ता गाडीसाठी मोकळा करायचा, या हट्टाला मी सुरक्षा म्हणणार नाही.

चौथा आक्षेप आक्षेप कमी आणि झटपट उपाय जास्त : "दोन गतिरोधक टाका." टाकले जातातही. रात्रीतून सिमेंटचा एक उंच, टोकदार वरवंटा रस्त्यावर आडवा घातला जातो. गरोदर बाईला रिक्षातून नेताना तो काय करतो, मणक्याच्या रुग्णाला काय करतो, हे नेणाऱ्याला विचारा. आणि मोटारसायकलवाला तो चुकवायला कडेने, गटारीलगत, लोकांच्या उंबरठ्याला घासून जातो, म्हणजे धोका दाराशी आणून ठेवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाची मापं दिलेली आहेत : ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात पार व्हावी असा. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलकही त्याच सूचनांत आहे. या मापाचा गतिरोधक कंबर मोडत नाही, वेग मोडतो.

मुळात आपल्या गल्लीचा वेग कोणी ठरवलेलाच नाही. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार "इतर रस्ते" या सदरात मोटारीला कमाल ताशी ७० आणि मोटारसायकलला ६० ची मुभा आहे. ही कमाल मर्यादा आहे. राज्य शासनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली ती खाली आणता येते. जिथे ती आणली नाही आणि फलक लावला नाही, तिथे दहा-बारा फुटी गल्लीत साठने जाणारा कागदोपत्री वेगमर्यादेत बसतो! बेदरकारपणाचं कलम लावता येईल, पण ते बहुधा काहीतरी घडून गेल्यावर. नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात रस्त्यावर मुलं मरायला लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. १९७६ मध्ये तिथे राहत्या वस्तीतल्या गल्लीला कायद्यात वेगळा दर्जा मिळाला : गाडीने तिथे चालत्या माणसाच्या वेगाने जायचं, पोरांना रस्त्यात खेळायची मुभा. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही माणसं आणि गाड्या जिथे एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ही मर्यादा सांगितली आहे. ही श्रीमंत देशांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन, फलक, चुना आणि मापात घातलेलं डांबर यांतलं काय आपल्याला परवडत नाही?

पोराच्या हाती गाडी देणाऱ्या बापांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. "दूध घालायला तर गेला होता" हे त्यावर उत्तर होत नाही. दुधाची घाई घरच्या मोठ्या माणसाने करावी, किंवा केंद्राची वेळ पंधरा मिनिटं वाढवून घ्यावी. ही दुसरी गोष्ट गावाच्या हातात आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. पुढच्या सभेत हा ठराव लेखी मांडायचा : महामार्गावरून गावात शिरणाऱ्या प्रत्येक तोंडाशी ताशी २० चा फलक, अंगणवाडी, शाळा आणि दूध संकलन केंद्र यांच्या दोन्ही बाजूंना मापातले गतिरोधक, आणि सध्याचे वरवंटे उखडणं, आंधळ्या वळणांवर बहिर्वक्र आरसे, ट्रॉली आणि ट्रॅक्टर वळणापासून वीस पावलं सोडून उभे करणं, आणि मांजर-कुत्रं पाळणाऱ्या घरांसाठी वर्षातून एक नसबंदी शिबिर. वेगमर्यादेची अधिसूचना काढणं ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत नाही, म्हणून ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे आणि परिवहन कार्यालयाकडे पाठवायची, पोचेचा शिक्का घेऊन. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. सूचक म्हणून माझं नाव घाला.