सुगी आणि सत्रपरीक्षा

येडशीच्या विद्यार्थ्यापुढे बारावीनंतर ज्या वाटा असतात, त्या तीन निरनिराळ्या विद्यापीठांकडे जातात. धाराशिवला प्रवेश घेतला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जिल्हा ओलांडून बार्शीला गेला तर सोलापूरचे विद्यापीठ. आणि लातूर गाठले तर नांदेडचे. घरातील चर्चा मात्र एस.टी.चा पास, खोलीभाडे आणि ओळखीपाळखी यांवरच संपते. महाविद्यालयाचे वर्ष कसे आखलेले आहे, ही चौकशी क्वचितच होते.

वरवर पाहता चौकशी करण्याजोगे काही उरलेलेही नाही. वार्षिक परीक्षा मागे पडून सर्वत्र सत्रपद्धती आली. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाल्यावर श्रेयांकांची भाषाही एक झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने वर्षाला किमान 180 कामाचे दिवस, म्हणजे प्रत्यक्ष अध्यापनाचे 30 आठवडे सांगितले होते; त्यांतले 15 एका सत्राच्या वाट्याला येतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिल्या सत्राचे आठवडे गळतात. वार्षिक पद्धतीत ही तूट दिवाळीनंतर भरून काढता येई. आता तोवर परीक्षा दारात उभी असते.

नेमक्या याच वेळी शेतात सुगी असते. या भागात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन, आणि त्याची काढणी सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. शेंगा वाळल्यावर काढणी आठवडाभरही लांबवता येत नाही, आणि मजूर मिळत नसल्याने महाविद्यालयात जाणारा मुलगा हाच घरचा हक्काचा गडी ठरतो. अंतर्गत चाचणीला तो नसतो. त्याचे गुण जातात. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने जिल्ह्यात उभे पीक पाण्याखाली घातले, तेव्हा तर उरलेसुरले वाचविण्यासाठी सारे घरच शेतात उतरले. ही पद्धती आपल्याकडे रुजविण्यात पुढे होती ती अमेरिकन नमुन्यावर उभारलेली कृषी विद्यापीठे. पण तेथील विद्यार्थी वसतिगृहात राहतो. घरची सुगी त्याला रोज हाका मारीत नाही!

म्हणून जुनी पद्धत बरी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा एप्रिलातील एका आजारपणाने सबंध वर्ष वाया जाई. आज मुलीचे शिक्षण लग्नामुळे मध्येच थांबले, तरी उत्तीर्ण सत्रांचे श्रेयांक तिच्या नावावर राहतात. हा लाभ लहान नव्हे.

वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट व जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेश देण्याची मुभा आयोगाने 2024 मध्ये जाहीर केली. सक्ती केली नाही. पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्याला जानेवारीचे दार उपयोगी पडेल. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलाला मात्र ते बंदच, कारण त्या महिन्यात तो फडात असतो. त्याच्या सोयीचा प्रवेश अद्याप कोणत्याच वेळापत्रकात नाही.

तोवर प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात: गतवर्षी पहिल्या सत्राचे वर्ग प्रत्यक्षात कोणत्या तारखेला सुरू झाले, निकाल केव्हा लागला, आणि हुकलेली अंतर्गत चाचणी दिवाळीनंतर पुन्हा घेतली का. माहितीपुस्तिकेत यांतले काहीच छापलेले नसते.