टॅब घ्यावा की फोनवरच वाचावे?



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. पूर्वी सगळ्यांच्या मांडीवर ग्रंथ असायचा, आता निम्म्या लोकांच्या हातात फोन असतो आणि फोनवर पीडीएफ. गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या मावशी फोन कधी नाकाजवळ नेत, कधी हात लांब करून धरत. पान मोठे केले की ओळीची दोन्ही टोके पडद्याबाहेर. मग बोटाने इकडे ओढा, तिकडे ओढा. दहा मिनिटांत त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि नुसत्या ऐकत बसल्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, “सिस्टर, पोरगा टॅब घेऊन देतो म्हणतोय. घेऊ का? डोळ्याला चांगला असतो का तो?”

मी त्यांना म्हटले, आधी चष्म्याचा नंबर काढा, मग बघू.

हे मी अनुभवाने सांगते. त्रेचाळिसाव्या वर्षी मला वाचताना कपाळ दुखायला लागले. नाइट ड्युटीला फोनवर वाचायची सवय होती, म्हणून दोष फोनला दिला आणि हप्त्याने दहा इंची टॅब घेतला. कपाळ दुखतच राहिले. नंतर तपासले तर जवळचा नंबर निघाला, सव्वा. दीडशे रुपयांच्या चष्म्याने जे झाले असते त्यासाठी मी वर्षभर हप्ते भरले. नर्सिंग शिकलेली बाई मी, तरी माझी ही गत!

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. हा आजार नव्हे, ते सगळ्यांनाच होते. पण आपल्याकडे बायका त्याला ‘आता वाचन होत नाही’ असे म्हणतात आणि वाचनच सोडून देतात. प्रौढपणी कष्टाने अक्षरओळख झालेली बाई चाळिशीत वाचन सोडते, तेही एका साध्या चष्म्यावाचून. याचे मला फार वाईट वाटते.

आणि अक्षर एकदम धूसर दिसू लागले, कधी बरे तर कधी वाईट दिसू लागले, तर फोनला किंवा टॅबला दोष देत बसू नका. रक्तातली साखर तपासा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या, दिसायला त्रास नसला तरीही. बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेह होता. १९५४ साली कमजोर नजर आणि औषधांचा त्रास यांमुळे ते कित्येक महिने अंथरुणाला होते. एवढा वाचणारा माणूस! आज आपल्या हाताशी तपासणी आहे, औषधे आहेत.

आता उपकरणांकडे वळू. फोन आणि टॅब यांचा पडदा एकाच जातीचा, आतून उजेड टाकणारा. फरक आकाराचा. अक्षर बारीक म्हणून फोन आपण डोळ्याजवळ आणतो, आणि वस्तू जितकी जवळ तितका डोळ्याच्या स्नायूंना ताण जास्त. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आज पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पण पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा, अक्षर मोठे केले की ओळ पडद्यात मावत नाही. दहा इंची टॅबवर पूर्ण पान वाचता येईल एवढे दिसते. ई-पब प्रकारच्या पुस्तकात मात्र अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने जुळतात, तसले पुस्तक फोनवरही बरे वाचता येते. आपले बरेचसे मराठी साहित्य अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकले आहे. तरुण मुलांनी त्यातले जे छापायला मोकळे आहे ते युनिकोडमध्ये आणले तर थोरांच्या डोळ्यांवर मोठे उपकार होतील.

किंडलसारखे वाचनयंत्र डोळ्याला जास्त सुखाचे. त्याचा पडदा कागदासारखा, बाहेरच्या उजेडात दिसणारा. वजनही टॅबच्या निम्म्याहून कमी. मग ते का नको? कारण त्याची किंमत साध्या टॅबच्या आसपास आणि त्यावर वाचनाखेरीज काही होत नाही. आपल्या घरात जे एक उपकरण येते त्यावर पोरीचा क्लासचा व्हिडिओ, स्कॉलरशिपचा फॉर्म आणि आजीचे परित्राण पाठ, सगळेच चालावे लागते. शिवाय सहा इंची वाचनयंत्रावर स्कॅन केलेली पीडीएफ फोनइतकीच बारीक दिसते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. बाकीच्यांसाठी माझे मत सरळ आहे: पुस्तक मिळत असेल तर पुस्तक, नसेल तर टॅब आणि अगदीच नाइलाज असेल तर फोन.

टॅब आणला तरी तो वापरायचा कसा हे शिकावे लागते. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटते. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जाते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वीस मिनिटे वाचले की वीस सेकंद वीस फुटांवरचे काही पाहा, खिडकीबाहेरचे झाड पाहिले तरी चालेल. टॅब मांडीवर ठेवून मान खाली घालू नका. डोके पाच किलोच्या आसपास असते आणि मान जितकी झुकते तितका मणक्यावर भार वाढतो. पिठाच्या डब्याला टेकवून टॅब उभा केला तरी काम भागते, स्टँड विकत घ्यायची गरज नाही. चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काच लावा म्हणून हजार-पाचशे जास्त मागतात, ते देऊ नका. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे दिसले नाही.

झोपेचे मात्र खरे आहे. अमेरिकेत बारा जणांवर केलेल्या आणि २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काही रात्री झोपण्याआधी चार तास टॅबवर वाचायला लावले आणि काही रात्री कागदी पुस्तक दिले. टॅबवर वाचल्यानंतर झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली, झोप आणणारे मेलाटोनिन दबले आणि सकाळची सुस्ती वाढली. अभ्यास लहान आहे आणि त्यात टॅबचा उजेड पूर्ण ठेवला होता, हेही सांगायला हवे. उजेड कमी करा, झोपण्याआधी तासभर टॅब बाजूला ठेवा, असा सल्ला मीही देते.

पण हा सल्ला देताना माझी जीभ अडखळते. आमच्या वस्तीतली एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घर एका खोलीचे. वडील पहाटे चारला कामावर जातात, म्हणून दहाला दिवा बंद. त्यानंतर ती गोधडीत तोंड घालून टॅबवर वाचते. अंधारात झगझगीत पडदा, पोटावर झोपून, मान वर करून. माझ्याकडे आली ती डोकेदुखीची गोळी मागायला. तिला मी काय सांगू, दिवा लावून वाच? टेबल-खुर्ची घे? परळच्या चाळीत बाबासाहेबांचेही एकाच खोलीचे घर होते. रामजीबाबा त्यांना लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. शंभराहून जास्त वर्षे झाली, खोली अजून एकच आहे.

विहाराला लागून आमची अभ्यासिका आहे. दिवे आहेत, टेबले आहेत, पंखा आहे. रात्री आठला कुलूप लागते. मुले बाहेर कट्ट्यावर फोन घेऊन बसतात, मुली घरी जातात. मागच्या बैठकीत मी दोन मागण्या ठेवल्या. जयंतीच्या वर्गणीतून या वर्षी साउंड सिस्टीम थोडी लहान घ्या आणि अभ्यासिकेसाठी चार मोठे टॅब घ्या, त्यांत सगळे खंड भरून ठेवा. आणि अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा, मुलींना घरी सोडायला महिला मंडळाच्या दोघी रोज येतील. टॅबवर लगेच माना डोलावल्या गेल्या. अकरा वाजेपर्यंतच्या गोष्टीवर एक काका म्हणाले, “पोरींना एवढ्या रात्री कशाला?”

पुढची बैठक पौर्णिमेला आहे. त्या दिवशी मी त्या मुलीच्या आईला आणि पिशवीत फोन टाकणाऱ्या मावशींनाही सोबत नेणार आहे. मावशींना चष्मा लागला, दीडचा. सध्या त्या ग्रंथच वाचतात, टॅबचे नाव काढत नाहीत.