ओळखपत्रावरचा चेहरा

कचेरीतील सर्व मंडळींची छायाचित्रे एकाच दिवशी काढावयाची आहेत, असा हुकूम निघाला की त्या कचेरीचे चित्त निदान दोन दिवस तरी थाऱ्यावर राहत नाही. कोणी न्हाव्याकडे धावतो, कोणी ठेवणीतला कोट उन्हात घालतो, आणि एरव्ही आरशाकडे ढुंकूनही न पाहणारे हिशेबनीस जिन्यावरच्या काचेसमोर क्षणभर थबकतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या दिल्लीच्या कचेरीत हेच घडले. नवी ओळखपत्रे करावयाची होती. शिवाय निरनिराळ्या भाषांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या मंडळींच्या छब्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावण्याचाही बेत होता. व्यवस्थेचे काम माझ्याकडे आले, कारण मराठी अंकाची मुद्रिते त्या महिन्यात वेळेआधी तपासून झाली होती. वेळेवर काम उरकणाऱ्यास कचेरीत मिळणारे पारितोषिक बहुधा असेच असते.

बोलावलेल्या छायाचित्रकाराने व्हरांड्यात एक पांढरीशुभ्र चादर टांगली, छतावरच्या नळीदिव्यांखाली स्टूल मांडले आणि अडतीस माणसे दीड तासात उरकली. मला तर त्याच्या झपाट्याचे कौतुकच वाटले. नमुने आले तेव्हा मी ते वरवर चाळले. काही चेहरे फार काळे आले होते. 'त्यांची सफाई करून देतो,' असे तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. चार दिवसांनी ओळखपत्रे वाटली गेली.

मल्याळम आवृत्ती पाहणाऱ्या आमच्या एक सहकारी भगिनी आहेत. वर्ण चांगला काळासावळा, आणि कपाळ, डोळे, हनुवटी यांची ठेवण अशी ठसठशीत की एकदा पाहिलेला चेहरा कोणी विसरू नये. त्यांच्या ओळखपत्रावर मात्र भाताच्या पेजेच्या रंगाची कोणी परकीच बाई होती. नाकाची कड विरघळलेली, गालांना उठाव नाही, डोळे तेवढे काळे टिपके. त्या नेहमी सर्वांच्या आधी कचेरीत येतात. त्या दिवशी फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने कार्ड पाहिले, बाईंना पाहिले, पुन्हा कार्ड पाहिले आणि त्यांना बाजूस उभे राहावयास सांगितले. ओळखीचे कोणी येईपर्यंत वीस मिनिटे त्या थंडीत तशाच उभ्या होत्या. वर आल्यावर त्यांनी ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवले आणि एवढेच विचारले, "भाईसाहेब, ही कोण?"

पहारेकऱ्याने आपले काम चोख केले होते. छायाचित्रकाराने जे मागितले गेले ते दिले होते. 'सफाई' या शब्दाला मान डोलावणारा मी होतो.

असे का होते, हे त्यानंतर मी एका जाणत्या छायाचित्रकाराकडून समजावून घेतले. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हे मोठे भोळे यंत्र आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असणार, असे ते गृहीत धरून चालते. मागे पांढरी चादर असली म्हणजे त्याला वाटते, उजेड फार झाला. म्हणून ते आत येणारा प्रकाश कमी करते, आणि चादरीपुढे बसलेला सावळा चेहरा अधिकच काळोखात जातो. नव्या यंत्रांना चेहरा हुडकून त्यावरून प्रकाश मोजण्याची युक्ती साधली आहे हे खरे. पण घाईत ती वापरली जातेच असे नाही. मग तो काळोख संगणकावर उपसावयाचा. त्या उपसण्यात त्वचेच्या बारीक छटा पुसल्या जातात आणि चेहऱ्यावर पिठाचा हात फिरविल्यासारखे दिसते. म्हणजे दोष वर्णाचा नसतो, प्रकाश मोजणाऱ्याचा असतो. पण दुरुस्ती मात्र वर्णाची केली जाते.

ही खोड आजची नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतील कोडॅक कंपनी रंगीत चित्रांचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना नमुन्याची चित्रे पुरवीत असे. पहिल्या नमुन्यातील स्त्रीच्या नावावरून त्यांना 'शर्ली कार्ड' हे नाव पडले, आणि कित्येक वर्षे त्यांवरील स्त्री गौरवर्णीच असे. तिची त्वचा ठीक उतरली की चित्र ठीक, असा हिशेब. सावळ्या माणसांच्या त्वचेच्या छटा त्या हिशेबात धरलेल्याच नव्हत्या. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखविणारी कार्डे पुढे १९९० नंतरच्या दशकात आली. आमच्याकडे लग्नाच्या स्थळासाठी मुलीचे चित्र 'जरा उजळ' करून देण्याची जी रीत छायाचित्रांच्या दुकानांत रूढ झाली, तिला मात्र कोणा परदेशी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही.

आम्ही दुसरी फेरी घ्यावयाचे ठरविले. या वेळी दोन सकाळी राखून. माणशी सहा-सात मिनिटे धरली तर एका सकाळी वीस माणसे निवांतपणे होतात. जागा निवडली ती ग्रंथालयातील उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीजवळची. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, म्हणून उजेड मऊ असतो आणि तासभर तरी फारसा बदलत नाही. खिडकीपासून चार-पाच फुटांवर खुर्ची, बसणाऱ्याचा चेहरा किंचित खिडकीकडे वळलेला, आणि दुसऱ्या बाजूस एक पांढरा थर्माकोलचा तक्ता टेकविलेला. खिडकीचा उजेड त्या तक्त्यावरून परतून अंधाऱ्या गालावर पडतो. याहून महागडे साधन लागले नाही. खोलीतील दिवे सगळे मालविले. नाही तर एका गालावर आकाशाचा निळसर उजेड आणि दुसऱ्यावर दिव्याचा पिवळा, अशी पंचाईत होते. छतावरचा दिवा तर शत्रूच, कारण तो डोळ्यांच्या खोबणीत सावल्या भरतो आणि तिशीतल्या माणसास पन्नाशीचा करतो.

मागे पांढऱ्या चादरीऐवजी करड्या रंगाचा कापडी पडदा, तोही बसणाऱ्यापासून चार फूट मागे, म्हणजे त्यावर सावली पडत नाही. प्रकाश मोजला तो चेहऱ्याजवळ करडा पुठ्ठा धरून, प्रत्येकासाठी वेगळा. पंजाबी गृहस्थ, आसामी बाई, बिहारचे आमचे शिपाई आणि त्या मल्याळी भगिनी अशी चौघे एकामागून एक त्याच खुर्चीत बसली, आणि चौघांचेही चेहरे जसेच्या तसे उतरले. पारपत्रासाठी मागे पांढरी पार्श्वभूमी लागते, त्याचे नियम वेगळे आहेत. ते चित्र निराळे काढवावे, एकाच चित्रावर दोन्ही कामे भागवू नयेत.

कॅमेऱ्याच्या अंतराबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घरोघरी मुले नोकरीच्या अर्जासाठी आता मोबाइलवरच चित्र काढतात. हात लांब करून दीड फुटावरून काढलेल्या चित्रात नाक मोठे आणि कान लहान दिसतात. नाक भिंगाच्या जवळ असते, कान त्या मानाने लांब. अंतर थोडे असले की हा फरक डोळ्यांत भरतो. पाच-सहा फूट मागे सरून दुसऱ्या कोणाकडून चित्र काढवावे आणि लागेल तेवढा भाग कापून घ्यावा. व्यावसायिक छायाचित्रकार यासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग लावतो, ते मागे उभे राहूनही चेहरा चौकटीत भरावा म्हणून. आणि मोबाइलमधील चेहरा 'सुंदर' करणारी कळ आधी बंद आहे ना ते पाहावे. कित्येक यंत्रांत ती न सांगता चालू असते.

पहिल्या फेरीतील आणखी एक चूक माझ्या नंतर ध्यानात आली. कॅमेरा त्या दिवशी एकाच उंचीवर खिळलेला होता. त्यामुळे उंच शीख सहकाऱ्याची दाढीच काय ती दिसत होती, आणि हिशेब शाखेतील चाकांच्या खुर्चीवरून काम करणारे आमचे स्नेही वरून पाहिल्यासारखे, खाली दबलेले दिसत होते. वरिष्ठांसाठी मात्र त्याने गुडघे टेकले होते! या खेपेस तिवई प्रत्येकाच्या डोळ्यांच्या उंचीला आणली. काम अर्ध्या मिनिटाचे आहे. फलकावर अडतीस चेहरे शेजारी शेजारी लागले म्हणजे मात्र या अर्ध्या मिनिटाची किंमत कळते. कोणी कोणाकडे वरून पाहत नाही, कोणी खालून.

सरकारी नोकरीशी या कलेचा जुना ऋणानुबंध आहे. इंदूरच्या वाचकांना हे ठाऊक असेल की राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे नामांकित छायाचित्रकार प्रथम तेथील बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढण्याचे काम करीत. पुढे ते हैदराबादच्या निजामाच्या पदरी गेले. तेथे १८९२ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि तेथील काम एका इंग्रज बाईच्या हाती सोपविले. समोर बसणारी व्यक्ती निःसंकोच असल्याखेरीज तिचा चेहरा कॅमेऱ्यात येत नाही, हे त्या काळी त्यांना उमगले होते. आमच्या व्हरांड्यात येणारे-जाणारे थट्टा करीत उभे असताना कोणाचा चेहरा मोकळा राहणार? म्हणून दुसऱ्या फेरीस ग्रंथालयाचे दार लावून घेतले. छायाचित्रकाराने 'हसा' असे कोणास म्हटले नाही. तो कामाविषयी काही विचारी, आणि उत्तर देताना माणूस स्वतःला विसरला की कळ दाबी. पहिली दोन-तीन चित्रे तर जमेस धरावयाचीच नाहीत, असे तो म्हणाला. आमच्या शिपायाने छठपूजेची हकीकत इतकी रंगवून सांगितली की पुढच्यांना दहा मिनिटे थांबावे लागले. कोणी कुरकुरले नाही.

कपड्यांबद्दल बायका-पुरुष सारखेच काळजी करतात, पण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. बारीक रेघांचे किंवा बारीक चौकड्यांचे कापड नको. चित्रात त्यावर लाटा उठल्यासारखे दिसते. चकाकणारी रुंद जर गळ्याजवळ नको. केस चारसहा दिवस आधी कापावेत, त्याच सकाळी नव्हे. तेल बेताचे लावावे. मुंबई-मद्रासकडच्या घामाच्या हवेत पावडरीपेक्षा थंड पाण्याने तोंड धुऊन कोरडा रुमाल फिरविणे बरे. रोज चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासह बसावे आणि हनुवटी तसूभर खाली घ्यावी, म्हणजे काचांवर खिडकी चमकत नाही. पगडी, हिजाब, कुंकू, मंगळसूत्र यांपैकी काही काढावयास कोणी सांगू नये. पारपत्राचे नियमसुद्धा कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा असला की धर्माप्रमाणे मस्तक झाकण्यास हरकत घेत नाहीत.

चित्रे झाल्यावर प्रत्येकास तीन दाखविली आणि कोणते ठेवावयाचे ते ज्याने त्याने ठरविले. फलकावर लावावयाचे की नाही, हेही विचारले. दोघांनी नको म्हटले, त्यांची नावे चित्रांविना लागली. २०२३ साली संसदेने व्यक्तींच्या अंकीय माहितीच्या रक्षणासाठी जो कायदा केला, त्यातही संमतीला मोठे स्थान आहे. पण ती विचारावयास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. सफाई मात्र कोणाचीही केली नाही. एकाच्या गालावर त्या दिवशी पुटकुळी होती तेवढी पुसली, कारण ती आठवड्याने जाणारच होती. तीळ, व्रण, सुरकुत्या आणि वर्ण माणसाचे असतात, ते राहू दिले.

मल्याळी भगिनींनी आपल्या तीन चित्रांतून एक लगेच उचलले आणि त्याची जादा प्रत मागून घेतली. कोट्टयमला आईकडे पाठवावयाची म्हणाल्या. नव्या कार्डासह त्या आल्या त्या सकाळी तोच पहारेकरी होता. त्याने कार्डाकडे ओझरते पाहिले आणि नमस्कार केला, असे त्यांनीच मला सांगितले. जुने कार्ड नियमाप्रमाणे माझ्याकडे जमा झाले आहे.