व्हिंटेज नव्हे, हायपो

फोनमधल्या ‘व्हिंटेज’ फिल्टरचा तो पिवळट तपकिरी रंग कुठून आला, हे कधी विचारलंय? सेपिया मुद्दाम दिला जायचा, तो वेगळा. पण भिंतीवरच्या आजी-आजोबांच्या कृष्णधवल फोटोवर पसरलेला पिवळेपणा बरेचदा वयाचा नसतोच. फोटो नीट धुतलेला नसतो.

डेव्हलपरमधून निघालेल्या प्रिंटमध्ये उजेड न लागलेलं सिल्व्हर ब्रोमाइड तसंच असतं. ते विरघळवतो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्याचा हा गुण हर्शेलनं १८१९ मध्येच नोंदवला होता. अडचण एवढीच, की काम संपलं तरी हायपो कागदातून हलत नाही. मग त्यातलं गंधक चित्रातल्या चांदीला धरतं. चांदीचे पैंजण काळे पडतात ना, तोच प्रकार. कित्येक घरांत त्या माणसाचा तेवढा एकच फोटो असतो, आणि आपण त्याच्या नासण्याला सौंदर्य म्हणतो!

मी बीडमध्ये, बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून प्रिंट करतो. शुद्धतावादी मंडळी सांगतात, फायबर कागदच खरा, आणि तो तासभर वाहत्या नळाखाली धुवा. वाहता नळ! आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं, हे त्यांनी एकदा येऊन बघावं. प्लास्टिकचा लेप असलेल्या आरसी कागदाला ते नाक मुरडतात. पण त्याच्या गाभ्यात रसायन शिरतच नाही, म्हणून वाहत्या पाण्यात दोन मिनिटं पुरतात. मी तर ट्रे हलवत चार वेळा पाणी बदलतो, दर वेळी एक लिटर. फायबर वापरायचाच हट्ट असेल, तर आधी थोडं धुऊन लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम सोडियम सल्फाइट घाला आणि प्रिंट त्यात दहा मिनिटं ठेवा. हायपो लवकर सुटतो, पुढचं धुणं मिनिटांवर येतं.

‘दुष्काळी जिल्ह्यात हे चोचले कशाला?’ असंही ऐकून झालंय. चार लिटरचा हिशोब मी देतो. विचारणाऱ्यांनी तोच प्रश्न एकदा उसाच्या फडात जाऊन विचारावा.

गटाराबद्दल मात्र कुणी विचारत नाही, खरं तर तेच विचारायला हवं. वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते. माझा फिक्सर झाकणाच्या कॅनमध्ये साठतो, वर मोठ्या अक्षरांत ‘पाणी नाही’ लिहिलेलं. घरात लहान मुलं आहेत.