मंजूर झालेले अर्ज आम्हालाही वाचू द्या

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर),
अन्सारी नगर, नवी दिल्ली

विषय : निधी मिळालेले संशोधन प्रस्ताव, परीक्षकांच्या शेऱ्यांसह, सर्वांना वाचायला खुले करण्याबाबत

महोदय,


महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रवेश उरकले की काही दिवसांतच सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, धांदल सुरू होते. नवा निवासी डॉक्टर सर्वात आधी सीनियरकडून जुनी फाइल मागून घेतो. शीर्षक बदलतं, आजार बदलतो, बाकी मजकूर तोच. कधी आजार बदलायचाही राहतो आणि मधुमेहाच्या सिनॉप्सिसमध्ये तिसऱ्या पानावर रक्तदाबाचे रुग्ण भेटतात. नमुनासंख्येसाठी ‘४पीक्यू भागिले एल-वर्ग’ हे सूत्र ठरलेलं, त्यातला ‘पी’ कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या पेपरमधून उचललेला. उद्दिष्टंही ठरलेली : प्रमाण काढणे, संबंधित घटक शोधणे, उपाय सुचवणे. हाच डॉक्टर पुढे सहायक प्राध्यापक होतो आणि परिषदेकडे निधीसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्या हाती असते ती हीच फाइल.

मी सामुदायिक वैद्यकशास्त्र, म्हणजे आमच्या बोलीत पीएसएम, शिकवतो. नमुना पाहून लिहिणाऱ्यांना नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही. लिहायला माणूस नमुन्यावरूनच शिकतो. आमची तक्रार एवढीच की आमच्यापर्यंत चांगले नमुने पोचत नाहीत. परिषदेचा फॉर्म मिळतो, सूचना मिळतात. रकाने कोणते ते कळतं, पण उत्तम भरलेला रकाना कसा दिसतो ते कळत नाही. मोठ्या संस्थांत ही अडचण येत नसावी. शेजारच्या खोलीतल्या सरांना मागच्या वर्षी प्रकल्प मिळालेला असतो, त्यांचा अर्ज चहाच्या वेळी मागता येतो. अंबाजोगाई किंवा नंदुरबारच्या तरुण अध्यापकाला तशी शेजारची खोली नाही.

अमेरिकेतल्या एनआयएआयडीने, म्हणजे ॲलर्जी आणि संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेने, यावर साधा मार्ग काढला आहे. निधी मिळालेले काही अर्ज संशोधकांच्या संमतीने ती जसेच्या तसे खुले करते. गोपनीय भाग तेवढा झाकलेला असतो. अनेक अर्जांसोबत परीक्षकांचा लेखी अहवालही जोडलेला असतो. त्याला तिकडे ‘समरी स्टेटमेंट’ म्हणतात. जुनी मंडळी ‘पिंक शीट’ म्हणतात, कारण पूर्वी तो गुलाबी कागदावर येत असे.

या अर्जांतलं उद्दिष्टांचं एक पान मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. एकच पान, कारण तिथल्या नियमाने त्याहून जास्त जागाच नाही. सुरुवातीच्या चार-सहा ओळींत आजार आणि त्याचं ओझं येतं. लगेच पुढे, आजवर काय कळलं आहे आणि घोडं नेमकं कुठे अडलं आहे. मग गृहीतक, एका वाक्यात आणि खोटं ठरू शकेल असं. त्याखाली दोन किंवा तीन उद्दिष्टं, पहिलं फसलं तरी दुसरं उभं राहील अशी रचलेली. आमच्याकडे बरेचदा तिन्ही उद्दिष्टं एकाच खुंटीला टांगलेली असतात, हे मुलांच्या तिथे पटकन लक्षात येतं. मी व्याख्यानात ते कितीही वेळा सांगितलं तरी येत नाही.

त्याहून जास्त शिकवतो तो परीक्षकांचा अहवाल. अर्ज बहुधा तिघांनी वाचलेला असतो आणि प्रत्येकाने बलस्थानं आणि उणिवा वेगवेगळ्या मांडलेल्या असतात. गुण एक ते नऊ. एक सर्वात चांगला, त्यामुळे आमच्या टक्केवारीत वाढलेल्या मुलांचा आधी गोंधळ उडतो. उत्तम गुण मिळालेल्या अर्जातही उणिवा लिहिलेल्या असतात. एका परीक्षकाला जे नवं वाटतं ते दुसऱ्याला अति महत्त्वाकांक्षी वाटतं, आणि तरीही निधी मिळतो. अडचणी आल्या तर काय करू, हे अर्जदाराने स्वतःहून लिहिलेलं असतं आणि परीक्षक त्याला दाद देतात. आमच्याकडे अडचण लिहिली की अर्ज पडलाच, अशी समजूत आहे. म्हणून प्रत्येक अर्जात सगळे रुग्ण वेळेवर येतात, दहा टक्के गळती धरलेली असते आणि ती दहाच का, हे कुणी सांगत नाही.

नकारातूनही शिकता येतं, पण त्यासाठी नकाराची कारणं हाती यावी लागतात. माझ्या एका सहकाऱ्याला एका निधीसंस्थेकडून (ती परिषद नव्हे) एका ओळीचं उत्तर आलं : तज्ज्ञ समितीने शिफारस केलेली नाही. त्या ओळीतून पुढचा अर्ज कसा सुधारायचा?

कुणी म्हणेल, अमेरिकेचे नमुने खुले आहेतच, ते वाचा. वाचतोच. पण ते एका मर्यादेपर्यंतच कामाला येतात. एक तर ते लवकर जुने होतात. तिथल्या मुख्य संशोधन आराखड्याची पानं २०१० मध्ये २५ वरून १२ वर आली. परीक्षणाची पाच निकषांची जुनी पद्धत जाऊन जानेवारी २०२५ पासून तीन घटकांची नवी चौकट आली. त्यामुळे जुन्या अर्जाचा साचा उचलणारा फसतो, आणि सध्याच्या सूचनाच पाळा असं ती संस्थाही बजावते. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. त्या अर्जांतलं जग आमचं नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त, एवढ्यापर्यंत थेट खर्च असेल तर तिथे अंदाजपत्रक ठोक टप्प्यांत मांडता येतं. प्रयोगशाळेत हव्या त्या जातीचे उंदीर असतात. आमच्या अर्जदाराचे प्रश्न निराळे. सर्पदंशाचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचेपर्यंतचे तास मोजायचे आहेत, तर ती नोंद आशाताईंकडून घ्यायची की रुग्णवाहिकेच्या वहीतून? आशाताईंचा मोबदला कोणत्या रकान्यात दाखवायचा? पावसाळ्यात पाड्यावर जाता येत नाही, तेव्हा पाठपुराव्याचं वेळापत्रक कसं आखायचं? नमुने डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि लोडशेडिंग आहे, तर हे प्रामाणिकपणे लिहायचं की झाकायचं? लिहून, जनरेटरची सोय दाखवूनही प्रस्ताव मंजूर होतो, असा एखादा खरा अर्ज समोर आला तर बहुतेक जण खरं लिहितील.

मोठ्या शहरांबाहेर चांगले प्रश्न सुचत नाहीत असं तर नाहीच. महाडला प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर काय होतं, याची त्यांची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा घरोघरच्या नवजात बालकांच्या काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पण बावस्करांची चिकाटी प्रत्येक तालुक्याने दाखवावी, ही अपेक्षा ठेवून व्यवस्था चालत नाही. शासकीय महाविद्यालयांत आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतून बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रं उभी राहिली, यंत्रं आली. यंत्र मिळालेल्या माणसाला अर्ज लिहिता आला पाहिजे, याची तजवीजही त्याच जोडीला हवी. कार्यशाळा होतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण कार्यशाळेला चाळीस जण बसतात, खुला अर्ज कुणीही रात्री दोन वाजता ड्यूटीवर वाचू शकतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. कॉपी होईल, हा पहिला. कॉपी आजही होते, फक्त ती वाईट मजकुराची होते आणि पकडली जात नाही, कारण मूळ कुणी पाहिलेलं नसतं. मूळ खुलं असेल तर चोरी पकडणं सोपं. कल्पना पळवल्या जातील, हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. म्हणून चालू प्रकल्प मागत नाही. जे संपले, ज्यांचे पेपर छापून आले, त्यांच्यात लपवण्यासारखं फारसं उरत नाही. उरलंच तर झाकावं. रुग्णांची ओळख पटेल असा मजकूर आणि वेतनाचे तपशील काढावेत. परीक्षकांची नावं तर नकोतच.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक संस्थांनी स्वतःहून माहिती मांडावी असं म्हटलं आहे. कलम ८ मध्ये बौद्धिक संपदेचा अपवादही आहे. ती कलमं एकमेकांसमोर उभी करायची माझी इच्छा नाही. माहितीचा अर्ज टाकून एक प्रत मिळवली तर ती एकट्या माझ्याच कपाटात जाईल.

सुरुवात मोठी नको. एक सर्पदंशाचा, एक क्षयाचा, एक प्रयोगशाळेतला, एक गावपातळीवरचा, एक लहान महाविद्यालयातून आलेला, असे पाच-सात अर्ज पुरेत. त्यात पहिल्या फेरीत परत आलेला आणि दुरुस्त करून मंजूर झालेला एखादा अर्ज, दोन्ही रूपांत, जरूर असावा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी परिषद चालवते त्या अल्पकालीन शिष्यवृत्तीचे, एसटीएसचे, दोन-चार प्रस्तावही जोडता येतील. तिथेच मुलं आयुष्यातला पहिला प्रस्ताव लिहितात.

आमच्या विभागाचा परिषदेच्या निधीतून पूर्ण झालेला एक प्रकल्प आहे. त्याचा मूळ अर्ज, त्यावरचे शेरे आणि आम्ही दिलेली उत्तरं खुली करायला मी आणि माझे सहसंशोधक तयार आहोत. शेरे कडक आहेत, तेही गाळू नयेत. लेखी संमतीपत्र कोणत्या नमुन्यात हवं तेवढं कळवावं.

कळावे,
आपला विश्वासू,
सामुदायिक वैद्यकशास्त्राचा एक प्राध्यापक